वरचं तेल

गाडीत बसताना चपला काढून ठेवायची जयवंताबाईंची जुनी सवय, म्हणून चटका थेट तळव्याला बसला. फियाटच्या दोन सीटांच्या मधोमध पत्र्याचा जो लांबट उंचवटा असतो, ज्याच्या पोटाखाली गिअरबॉक्स टांगलेला असतो, त्याला त्यांचा उजवा पाय नुसता टेकला आणि त्यांनी तो गुडघ्यासकट वर घेतला. शर्यतीची गाडी, त्यामुळे आतला गालिचा, रबर, सगळं उपटून टाकलेलं. पत्रा उघडा पडला होता. स्टिअरिंगवर त्यांचा धाकटा, भैयाजी. सहा फेऱ्या जोरात मारल्या की सातवी फेरी गाडी निववायला सावकाश मारायची असते, आणि त्या सातव्या फेरीला आपण शेजारी बसणार, हे जयवंताबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं. कोणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. नागपूरबाहेर बेसाच्या पलीकडच्या माळावरची ही लढाईच्या काळातली धावपट्टी, तिच्यावर रिकामी पिंपं मांडून आखलेली वळणं, जानेवारीतलं सकाळचं ऊन, कडेला उभे असलेले सदर भागातले गॅरेजवाले आणि कॉलेजची पोरं, हे सगळं खिडकीतून त्यांना आपल्या मालकीचं असल्यासारखं दिसत होतं. चटका बसेपर्यंत दिसत होतं.

"माय, दुसरा गिअर पडून नाही राहिला," भैयाजी म्हणाला. "दांडी ढकलतो तं कर्र करते. पहिल्या दोन फेऱ्या लोण्यावानी पडत होता."

"तापला आहे गिअरबॉक्स."

"तुले कसं समजलं?"

"मले पाय आहेत न," जयवंताबाई म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवल्या.

गाडी कडेला येऊन थांबली तेव्हा पाच-सहा जण गोळा झाले. त्यांच्या गॅरेजचा ओमप्रकाश मिस्त्री आधीच लाकडी ठोकळे घेऊन उभा होता. त्यानं चारही चाकांजवळ सारखे ठोकळे देऊन गाडी वर घेतली. जयवंताबाईंनी तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, वाकल्या, आणि खालून गिअरबॉक्सवर दोन थेंब उडवले. हे त्यांचं मोजमाप. थेंब गुपचूप सुकला तर ठीक, चर्र केलं तर नाही ठीक. तव्यावर भाकरी टाकायची की थांबायचं हे ज्या हातानं वयाच्या आठव्या वर्षापासून ओळखलं, त्याच हातानं त्या गेली चौदा वर्षं नागपुरातले गिअरबॉक्स ओळखत होत्या, आणि दोन्हीकडे त्यांचं कधी जळलं नव्हतं. आज थेंबानं असं चर्र केलं की मागं उभ्या असलेल्या पोरांनाही ऐकू गेलं.

अरुंधती, भैयाजीची बायको, शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं पर्समधून कापसात गुंडाळलेली काचेची लांब नळी काढली. "आई, शाळेतून थर्मामीटर आणलाय. भरायचा बोल्ट उघडून आत तेलात धरला, तर नेमकं किती तापलंय ते कळेल."

"चर्र म्हणजे चर्र. आता त्याच्यावर कायचा आकडा लावतं वं?" जयवंताबाई म्हणाल्या. "तुया बापानं ताप मोजला अन् मग अंगाले हात लावून पाह्यला, असं आहे तुमच्या घरचं."

अरुंधती हसली. ती अशा वेळी हसायची, आणि तेच जयवंताबाईंना तिच्यातलं आवडायचं, पण हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मग त्या सरळ झाल्या, कंबरेवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत ओमप्रकाशकडे वळल्या. "बेअरिंग घट्ट ठोकले तुवा. नवे घातले न दहा दिवसांपूर्वी? घासून राहिले. हात गेला तुया, ओमप्रकाश. बावीस वर्षांत पहिल्यांदा गेला, पण गेला. गेला तं गेला, माया पोराच्या गाडीवरच जायचा होता काय?"

शेजारच्या गाडीचे मेकॅनिक खाली बघायला लागले. ओमप्रकाशनं हातातला पाना पेटीत ठेवला, तो नेहमी ठेवतो तसा नाही, आडवा कसाही, चिंधीला हात पुसले, बोटांच्या मधल्या खाचा पुसल्या, आणि म्हणाला, "थंडा होऊ द्या भाभी. मंग खोलतो. जे दिसंल ते सगळ्यांले दिसंल. गिअरबॉक्स परत बंद करून देतो अन् मी जातो."

"जातो म्हणजे?"

"जातो म्हणजे जातो. उद्यापासून नाही येनार."

ज्या ट्रकवरून गाडी आणली होती त्याच्या पलीकडे तो जाऊन बसला. भैयाजी आयोजकांकडे वेळ विचारायला गेला. शर्यत तीनला होती आणि ज्याला नाव मागं घ्यायचं त्यानं दोनच्या आत सांगायचं होतं. तापलेला गिअरबॉक्स भर वेगात जाम झाला तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी आवळतात, आणि मग स्टिअरिंग धरणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कोणी ते बोलत नव्हतं.

जयवंताबाई गाडीच्या सावलीत पोतं अंथरून टेकल्या. दुपारपर्यंत गिअरबॉक्स निवण्याची वाट बघण्यापलीकडे आता काम नव्हतं, आणि काम नसलं की त्यांचा जीव नेहमीच वाईट वागायचा. तळवा अजून हुळहुळत होता. बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. खरं ते बोललंच पाहिजे, आणि चारचौघांत बोललं तरच ते लागतं. पण ओमप्रकाशनं बोटांच्या खाचा पुसल्या होत्या. तो काम संपल्यावर, घरी जाताना खाचा पुसतो. कामाच्या मधे कधी पुसत नाही. जयवंताबाईंनी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं, आणि आता ते डोळ्यापुढून हलेना. त्यांचे यजमान नत्थूजी असते तर म्हणाले असते, जयवंता, जीभ जरा पदरात बांधून ठेवत जा. नत्थूजी. ते काही बोलायला लागले की आधी घसा साफ करायचे, जणू इंजिन सुरू करायच्या आधी चोक ओढतात. अर्धांगाचा झटका आला त्यानंतर घसा साफ करणं तेवढं उरलं, पुढचं बोलणं तुटक झालं. उजवा हात गेला. तीन वर्षं त्यांनी गॅरेजच्या दारातच खाट टाकून काढली. घरी प्रतापनगरला खोली होती, हवेशीर होती, पण म्हणाले, मले तेलाचा वास पाह्यजे. आणि तेव्हा दुसरी इयत्ता शिकलेली, आयुष्यात चूल आणि पोरं सोडून कशाला हात न लावलेली जयवंता लुगडं कमरेला खोचून गाड्यांखाली शिरली. ते डाव्या हातानं खुणा करायचे, ती करायची. पाना दे म्हटलं की पाना, हातोडी म्हटलं की हातोडी. लोक हसले. मग हसणारे त्यांच्याच गाड्या घेऊन आले.

सगळ्यात आधी त्यांनी तिला तेल भरायला शिकवलं. तेल भरायचं भोक गिअरबॉक्सच्या कुशीला असतं. तेल त्या भोकाच्या ओठापर्यंत आलं, बाहेर ओघळायला लागलं, की भरलं. त्याहून जास्त ते घेतच नाही. पण नत्थूजींची एक युक्ती होती. त्या कुशीखाली जॅक लावायचा आणि गाडी एका अंगावर उचलायची. भोक वर जातं, आणि मग आत आणखी मावतं. चांगलं पाऊण लिटर मावतं. तिला आठवलं, पहिल्यांदा ती थांबली होती, बस झालं म्हणून. खाटेवरून घसा साफ झाला. "आणखी वत." तिनं ओतलं. "आणखी." त्यांच्या डाव्या हाताची बोटं हवेत हलत होती, कोणाला पोटभर जेवायला वाढा म्हणतात तशी. तिला ते फार आवडलं होतं. आपल्या घरातून कोणी अर्ध्या पोटी जाऊ नये, माणूस जाऊ नये तशी गाडीही जाऊ नये, हे तिला बरोबर वाटलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते गेल्यावर तिनं गॅरेजात एक नियम केला. बाकी काहीही कोणीही करा, गिअरबॉक्सात तेल मी ओतीन. काल संध्याकाळीही त्यांनीच ओतलं. फियाट एका अंगावर उचलून, नव्वद नंबरचं, धार न तुटू देता. आणि नंतर पोराची गाडी म्हणून तिच्याजवळून हलल्यासुद्धा नाहीत. गाडी ट्रकवर चढेपर्यंत स्टूल टाकून बसल्या होत्या.

जयवंताबाईंनी मान वाकवून गाडीखाली पाहिलं. गिअरबॉक्सच्या माथ्यावर वाफ जायला जो छोटा नळ असतो, त्याच्याभोवती काहीतरी पिवळट जमलं होतं. फेस. तेलाला फेस. ताक करताना मडक्याच्या गळ्याशी चिकटून राहतो तसा, बारीक बुडबुड्यांचा. त्या बराच वेळ त्या फेसाकडे बघत राहिल्या. मग त्यांना ताकच आठवलं, रवी आठवली, आईची रवी, आणि आईनं हातावर दिलेला फटका. मडकं गळ्यापर्यंत भरायचं नाही, पोरी. दही अर्ध्यावर पाह्यजे. रवीले हलायले जागा पाह्यजे. भरलेल्या मडक्यात रवी नुसती दमते, दही कोमट होतं, फेस वर येतो, लोणी काही येत नाही. आईच्या मागच्या भिंतीवर सकाळचं ऊन होतं आणि दोरीचा आवाज येत होता, सर्र, सर्र. जयवंताबाईंनी पुन्हा फेसाकडे पाहिलं. गिअरची चाकं. त्यांचे दात तेलात नुसते बुडायचे असतात, बुडून वर यायचे असतात, आणि वर येताना तेल उडवायचं असतं. गळ्यापर्यंत भरलेल्या तेलात ती चाकं काय करतात? घुसळतात. मिनिटाला चार-पाच हजार वेळा घुसळतात. नत्थूजींच्या वेळची, पचमढीच्या घाटात चालणारी टॅक्सी अशी घुसळत नाही, ती सावकाश चढते. आणि त्या टॅक्स्यांची सीलं कुजलेली असायची; नागपूर सोडलं की तेल ठिपकत जायचं, छिंदवाड्याला पोचेपर्यंत वरचं पाऊण लिटर रस्त्यावर. म्हणून नत्थूजी जास्त ओतायचे. गळणाऱ्यासाठी जास्त ओतायचे. त्यांनी तिला ओतायला शिकवलं. कशासाठी, ते सांगायला त्यांच्याजवळ शब्द उरले नव्हते, आणि विचारायचं तिला सुचलं नव्हतं. आणि या गाडीला तर नवी सीलं. ओमप्रकाशनं मुंबईहून मागवून स्वतः बसवलेली. याच्यातून थेंब नाही गळत, पाह्यजे तं खाली धुतलेलं धोतर पसरा, असं त्याच आठ दिवस सगळ्या सदरभर सांगत होत्या.

त्या उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर कोणाला तरी चेहरा दिसला असता. आजूबाजूला गाड्या सुरू होत होत्या, बंद होत होत्या, कोणीतरी संत्र्याची सालं भिरकावत होतं. आत त्यांचं डोकं लख्ख चालायला लागलं होतं, तसं ते अडचणीतच चालायचं. आता ओमप्रकाश येईल आणि बोल्ट उघडेल. गाडी ठोकळ्यांवर सपाट आहे. बोल्ट निघाल्याबरोबर वरचं सगळं तेल भळाभळा बाहेर येईल, पाच-पन्नास लोकांसमोर, आणि तेल कोण ओततं हे पाच-पन्नास लोकांना माहीत आहे. पण अजून कोणी आलेलं नाही. सगळे जेवायला पांगलेत. पाना पेटीत आडवा पडलाय. एक डबा खाली धरायचा, बोल्ट ढिला करायचा, वरचं जाऊ द्यायचं, बोल्ट घट्ट करायचा, डबा ट्रकखाली सरकवायचा. दहा मिनिटांचं काम. दुसरा गिअर लोण्यासारखा पडेल, भैयाजी पळेल, आणि लोक म्हणतील, बाईनं पाण्याचे दोन थेंब उडवले अन् गाडी बरी केली. हे म्हणतीलच. जयवंताबाईंना ते ऐकूसुद्धा आलं. त्या पोत्यावर आडव्या झाल्या आणि एकोणसाठ वर्षांची पाठ घासत गाडीखाली सरकल्या. डबा ओढून घेतला. पाना बोल्टाला लावला. तो बोल्टाच्या तोंडावर बसला तो आवाज त्यांना ओळखीचा वाटला, दुकानाचं कुलूप उघडताना होतो तसा, आपल्या हक्काचा.

आणि मग त्यांना बोटांच्या खाचा दिसल्या. ओमप्रकाशच्या, काळ्या, पुसलेल्या. गाडी बरी झाली तर बेअरिंग कोणी उघडून बघणार नाही. बघितलं नाही तर ते घट्टच ठोकले होते असं राहील. माणूस बावीस वर्षांनी हात गेलेला मिस्त्री म्हणून घरी जाईल, आणि त्याच्या जागी तीन महिन्यांनी कोणी दुसरा येईल, ज्याला हात असेल की नाही देव जाणे. जयवंताबाईंना स्वतःचा राग आला, आणि राग आला की त्यांना नेहमी बरं वाटायचं. भित्री माणसं लपवतात. आपण काय भितो का? आपलं चुकलं तर ते काय लहानसहान चुकेल, की डब्यात धरून ट्रकखाली सरकवावं?

"ओमप्रकाश!" त्या गाडीखालून ओरडल्या. "इकडं ये गा. अन् भैयाजीले बोलाव. त्या अरुंधतीले म्हणा, काचेची कांडी घेऊन ये."

ओमप्रकाशचे पाय आधी दिसले. मग तो वाकला, मग त्यांच्याकडे आणि त्यांच्या हातातल्या पान्याकडे बघत राहिला. "भाभी, तुमी काहून खाली गेल्या? मी खोलतो न."

"बेअरिंग ठीक आहेत तुये," जयवंताबाई म्हणाल्या. "तेल जास्त झालं. मी वतलं. गाडी आडवी करून वतलं."

ओमप्रकाश उकिडवा बसला. "पता है," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आडवी करून वतता. पता है मले."

"कवापासून?"

त्यानं मान खाजवली. गाडीखाली जागा थोडी, त्यामुळे दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती. "उस्ताद गेले तवापासून. जुन्या गाड्याइले चालून जाते, भाभी. नव्या सीलवाल्या आल्या की तुमी घरी गेल्यावर मी गाडी सपाट करतो अन् बोल्ट ढिला करतो. वरचं निघून जाते. त्याच संध्याकाळी." तो थांबला. "काल तुमी गाडीपासून हलल्याच नाही. अन् आज इथं उतरवल्याबरोबर फेऱ्या सुरू झाल्या."

जयवंताबाई मनात मोजायला लागल्या. अकरा वर्षं. किती गाड्या असतील? त्यांना त्या ओळीनं दिसल्या, सदरच्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, कामठीच्या ठेकेदाराच्या. प्रत्येकीला त्यांनी एका अंगावर उचलून पोटभर पाजलं होतं, आणि प्रत्येकीच्या कुशीशी हा माणूस संध्याकाळी येऊन बसला होता. म्हणजे आपल्या हातानं एकही डबा बरोबर भरला नाही, आणि आपल्या हाताचं नाव नागपूरभर झालं. त्यांना वाटलं, आता आपल्याला फार वाईट वाटेल. त्यांनी वाट बघितली. पण पोटातून जे वर आलं ते हसू होतं, आणि गाडीखाली ते नीट हसताही येईना. डोकं सायलेन्सरला आपटलं.

"अन् सकाळी तोंड शिवलं होतं काय तुयं? मी चारचौघांत तुले बेअरिंगवरून झाडलं तवा?"

"तवाच सांगनार होतो. मंग तुमी म्हटलं हात गेला." ओमप्रकाशचा आवाज बारीक झाला. "मंग म्हटलं, जाऊ दे. खोलल्यावर दिसंलच. भैयाजीले तं मी तसा जाऊच देत नव्हतो."

"अन् अकरा वर्षं काहून नाही सांगितलं?"

"उस्तादनं शिकवलं होतं तुमाले. उस्तादचं गलत आहे, असं कसं म्हनू?"

"त्याहीचं गलत नव्हतं," जयवंताबाई तडकून म्हणाल्या. "माया डोक्यात अर्धंच आलं होतं. धर हा डबा."

तोवर भैयाजी आणि अरुंधती आले होते, आणि त्यांच्यामागे शेजारचे मेकॅनिक, आणि कशाला ते माहीत नसलेली चार पोरं. जयवंताबाई बाहेर सरकल्या, उभ्या राहिल्या, पाठीची माती झाडली नाही. "सगळ्याइनं ऐका," त्या म्हणाल्या. "सकाळी मी या मिस्त्रीले बोलली. बेअरिंगचं काही नाही. गिअरबॉक्सात तेल जास्त आहे अन् ते म्या वतलं आहे. जास्त तेलानं गिअरबॉक्स थंडा राहते असं ज्याच्या ज्याच्या डोक्यात असंल, त्यानं पाहून घ्या. अन् हसायचं असंल तं आताच हसा, मंग मले वेळ नाही."

कोणी हसलं नाही. ओमप्रकाशनं बोल्ट फिरवला आणि काढला. तेल आलं; आधी पिवळा फेस, मग दाट, गरम, जळकट वासाचं, डब्यात पडताना आवाज करत. ते थांबेचना. शेजारचा एक मेकॅनिक हळूच म्हणाला, बाप्पा रे. जयवंताबाई हनुवटी वर करून धार पार थेंबावर येईपर्यंत बघत राहिल्या. अरुंधतीनं काचेची नळी भोकातून आत धरली. "अजून साठ आहे, आई. दोन तास उभी राहूनसुद्धा. सकाळी दीडशेला टेकलं असेल."

"तेच म्हटलं होतं मी. चर्र."

उरलेलं तेलही जळलेलं होतं. ओमप्रकाशनं तेही सोडून दिलं आणि नवं भरायला कॅन उचलला. सवयीनं तो जयवंताबाईंच्या पुढे धरला. त्यांनी हात मागं घेतले. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली शिरला. गाडी सपाट होती. भोकाच्या ओठावरून तेल ओघळलं तसं त्यानं बोल्ट लावला. केवढंसं तेल ते! जयवंताबाईंना ते आताही उपाशी ठेवल्यासारखं वाटलं.

पावणेतीनला भैयाजीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. "माय, निघू?"

"मले कायले विचारतो? मिस्त्रीले विचार."

ओमप्रकाश गडबडला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, खरं म्हणजे त्याची गरज नव्हती, आणि मग टपावर थाप मारली. "जा. पहिल्या दोन फेऱ्या दुसऱ्या गिअरात इंजिन जास्त वर नको नेऊ."

गाडी गेली. धावपट्टीच्या टोकाला पिंपांचं वळण होतं, तिथं सगळ्या गाड्यांचा एकच गोंगाट झाला आणि त्यातून भैयाजीची वेगळी ओळखू येईना. जयवंताबाई कान देऊन उभ्या होत्या, अगदी धावपट्टीच्या कडेच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर. अकरा वर्षांत पहिल्यांदाच गाडीच्या पोटात त्यांचं काही नव्हतं. हलकं वाटत होतं, आणि कोणीतरी मानाच्या पाटावरून उठवल्यासारखंही वाटत होतं, आणि यातलं खरं कोणतं ते ठरवायची त्यांना घाई नव्हती.

"ओमप्रकाश," त्या मान न वळवता म्हणाल्या, "उद्या सकाळी एक गाडी सपाट ठेव अन् मले भरून दाखव."

"तुमाले? मी?"

"तूच. अन् माया हातून काही चुकलं तं तिथल्या तिथं सांगजो. संध्याकाळची वाट नोको पाहू."

ओमप्रकाशनं वळणाकडे पाहिलं. लांबून पहिली गाडी वळून यायला लागली होती. "मंग आताच सांगतो, भाभी," तो म्हणाला. "तुमी उभ्या आहात न, तिथंच वळणावर सुटलेल्या गाड्या बाहेर फेकल्या जातात. मागं या."

जयवंताबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग त्या दोन पावलं मागं आल्या, आणि नंतर आणखी एक, ते मात्र आपल्या मनानं.